स्वतःचं जाळं उभारावं की पालिकेकडे मागणी करावी? वस्तीतल्या इंटरनेटबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहराच्या एका भागात कंपन्या फायबर, म्हणजे वेगवान इंटरनेटची काचेची तार, आणायला तयार नाहीत. जी एक जोडणी मिळते ती संथ आणि महाग आहे, त्यामुळे घरोघरी सगळा कारभार मोबाइल डेटावर चालतो. पंधरा-वीस रहिवासी एकत्र आले आहेत. त्यांनी स्वतःचं सामुदायिक जाळं, म्हणजे रहिवाशांनीच चालवलेली इंटरनेट सेवा, उभारावं, की पालिकेकडे आणि कंपनीकडे मागणी लावून धरावी? आणि सुरुवात कुठून करावी?

दोन्ही करा, आणि एकाच गटानं करा. नुसती मागणी करणाऱ्यांच्या हाती शेवटी अर्जांच्या पोचपावत्या उरतात. नुसतं जाळं उभारणारे वर्ष-दोन वर्षांत एक छोटी, दमलेली कंपनी होऊन बसतात, जिच्याकडे तक्रार घ्यायलाही पगारी माणूस नसतो. याउलट, उद्या स्वतः जोडणी देऊ शकेल अशा गटाचं निवेदन कंपनीला बाजूला सारता येत नाही. आणि ज्या गटामागे चारशे घरांच्या सह्या आहेत, त्याच्या अँटेनाला गच्ची मिळते, खांब मिळतो, शाळेच्या इमारतीची परवानगीही मिळते. या क्षेत्रात बरीच वर्षं काम केल्यावर मला जे टिकलेलं दिसलं, त्यात या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या.

पहिले एक-दोन महिने मोजणीत घालवा. अँटेना आणि राउटरवर बोलायला गटातले दोघे-तिघे अधीर असतीलच, मोजणीचं काम त्यांनाच द्या. सरकारी नकाशावर तुमचा भाग बहुधा ‘सेवा उपलब्ध’ असाच रंगवलेला असणार. अमेरिकेत कित्येक वर्षं पद्धत अशी होती की जनगणनेच्या एका ठोकळ्यातल्या एका घराला जोडणी देता येत असेल, तर अख्खा ठोकळा सेवा असलेला धरायचा. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये घरागणिक नकाशा आला आणि त्यावर रहिवाशांना हरकत घेता येऊ लागली. तोवर कागदावर सगळं आलबेल होतं. अमेरिकेतल्याच क्लीव्हलंड शहरातल्या कार्यकर्त्यांनी २०१७ मध्ये वेगळी वाट काढली. त्यांनी नवे आकडे गोळाच केले नाहीत. कंपन्यांनी स्वतः दूरसंचार नियामकाला दिलेली माहिती त्यांनी वस्त्यांच्या नकाशावर आणि गरिबीच्या आकडेवारीशेजारी मांडली. एटी अँड टी या दूरसंचार कंपनीनं जास्त वेगाची सेवा आणताना शहरातल्या गरीब वस्त्या मोठ्या प्रमाणात मागे ठेवल्याचं त्यातून दिसलं. तुमच्या नियामकाकडेही अशी काही माहिती पडून असेल. माहिती अधिकारासारखा कायदा असेल तर अर्ज टाका, उत्तर यायला वेळ लागतो म्हणून आधीच टाका.

स्वतःच्या मोजणीत काही पथ्यं पाळा. जोडणी मागणारा अर्ज लेखी करा आणि नकारही लेखी मिळवा. ‘फोनवर नाही म्हणाले’ हा पुरावा कुठेच चालत नाही. वेग मोजताना संगणक केबलनं राउटरला जोडा, वाय-फायवर मोजू नका, नाहीतर दोष तुमच्या भिंतींवर ढकलला जाईल. भर दुपारचे आकडे फसवे असतात, रात्री आठ ते अकराच्या गर्दीत मोजा आणि आठवडाभर मोजा. डाउनलोडइतकंच अपलोडकडे लक्ष द्या. लेटन्सीही लिहून ठेवा, म्हणजे डेटा जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. व्हिडिओ कॉल तुटतो तो बहुतेक वेळा या दोन कारणांनी. मेझरमेंट लॅब या खुल्या मोजणी प्रकल्पाची एनडीटी ही वेगचाचणी वापरायला हरकत नाही. तिचे निकाल खुले असतात, त्यामुळे आकडे तुम्ही बनवलेत असं कुणी म्हणू शकत नाही. मात्र त्या निकालासोबत आयपी पत्ता, म्हणजे जोडणीचा इंटरनेटवरचा क्रमांकही जाहीर होतो, हे लोकांना आधी सांगा.

दर परवडतो का, हे ठरवताना शहराची सरासरी घेऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगानं २०२५ साठी उद्दिष्ट ठेवलं होतं की प्राथमिक ब्रॉडबँडचा खर्च दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत असावा. आकडा चांगला आहे, पण सरासरीच्या चौथाई उत्पन्नावर जगणाऱ्याला तोच खर्च ८ टक्के पडतो. म्हणून प्रत्येक घराला दोन साधे प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात सगळ्या फोनच्या रिचार्जवर मिळून किती गेले, आणि महिनाअखेरीस डेटा संपल्यावर काय थांबलं? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं पुढे प्रत्येक बैठकीत कामी येतात. फॉर्म भरणं, पैसे पाठवणं, डॉक्टरांशी बोलणं, कामाच्या शिफ्टची नोंद असलेलं ॲप उघडणं यांपैकी नेमकं काय अडलं ते तिथे कळतं. नावं आणि फोन नंबर वेगळ्या वहीत ठेवा, ती यादी कुणाही उमेदवाराला किंवा विक्रेत्याला देऊ नका. ती एकदा बाहेर गेली की पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

सभेला येणारे लोक म्हणजे वस्ती नव्हे. संध्याकाळच्या सभेला ज्यांना वेळ असतो तेच येतात. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये २००९ मध्ये डिजिटल न्यायासाठी, म्हणजे इंटरनेट आणि तंत्रज्ञान सर्वांना मिळावं यासाठी, एक आघाडी उभी राहिली. तिथल्या कार्यकर्त्यांनी भाषणांच्या सभेऐवजी वस्तीत तंत्रज्ञानाचे मेळे भरवले: एका टेबलावर फोन दुरुस्ती, दुसऱ्यावर सुट्या भागांतून संगणक जोडणं, तिसऱ्यावर ऑनलाइन अर्ज भरायला मदत. माणूस स्वतःचं काम घेऊन येतो आणि बोलता बोलता वस्तीचा प्रश्न मांडतो. घरून काम करणाऱ्या बायका, वयस्कर मंडळी, भाडेकरू हे सगळे अशाच ठिकाणी भेटतात. भाडेकरूंचं विशेष बघा. गच्चीची परवानगी मालक देतो आणि इंटरनेट भाडेकरूला हवं असतं, हा पेच जवळपास प्रत्येक शहरात येतो. तो सोडवायला तंत्रज्ञ उपयोगी पडत नाही.

आता मागणीकडे येऊ. ‘इंटरनेट हा आमचा हक्क आहे’ असं निवेदन देऊ नका. वाक्य खरं आहे, पण त्यावर अधिकारी काहीच करू शकत नाही, आणि तेच त्याला सोयीचं पडतं. मागणी अशी हवी की तिला हो किंवा नाही असंच उत्तर देता येईल, आणि ती देणारा माणूस कोण हे ठाऊक असेल. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये २०२० साली शाळा घरून भरू लागल्या, तेव्हा सोमोस या विद्यार्थ्यांच्या संघटनेनं कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीच्या कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या योजनेतल्या आकड्यावर बोट ठेवलं: २५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, वेगाचं एकक) डाउनलोड, ३ एमबीपीएस अपलोड. दोन-तीन भावंडं एकाच वेळी व्हिडिओ वर्गात बसली की ३ चा अपलोड अपुरा पडतो, हे समजावून सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मुलं स्वतःच सांगत होती. २०२१ च्या मार्चपासून कंपनीनं तो वेग ५० आणि ५ केला. विद्यार्थ्यांनी तेही कमीच म्हटलं, आणि ते बरोबर होतं. पण एका आकड्याला धरून राहिल्यामुळे आकडा हलला.

पालिकेकडे मागण्यासारख्या गोष्टी लोकांना वाटतात त्यापेक्षा स्वस्त असतात. माझ्या मते सगळ्यांत फायद्याची मागणी म्हणजे रस्ता पाण्यासाठी किंवा गटारासाठी खणला जाईल तेव्हा त्यात फायबरसाठी रिकामी नळी टाकून ठेवावी, आणि ती कुणाही एका कंपनीच्या ताब्यात न जाता ठरलेल्या भाड्यानं सर्वांना खुली असावी. फायबर टाकण्याच्या खर्चातला मोठा वाटा खोदकाम आणि रस्ता पूर्ववत करण्याचा असतो, तार त्या मानानं स्वस्त. दुसरी मागणी, दिव्याचे खांब आणि सार्वजनिक इमारतींच्या गच्च्या ठरलेल्या दरानं मिळाव्यात. तिसरी, कंपनीला परवानगी देताना अख्ख्या वॉर्डाची जोडणी किती दिवसांत पूर्ण होणार याची अट घालावी आणि ती पाळली गेली का याचा अहवाल जाहीर व्हावा. ‘शहरभर मोफत वाय-फाय’ ही मागणी मात्र करू नका असंच मी सांगेन. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरानं २००५ च्या सुमारास शहरभर वायरलेसचा मोठा घाट घातला आणि २००८ मध्ये अर्थलिंक कंपनी त्यातून बाहेर पडली. खांबावरचा सिग्नल भिंतीआड नीट जात नाही आणि अपेक्षेइतके वर्गणीदार मिळत नाहीत. चौकात वाय-फाय आलं म्हणून घरात अभ्यास होत नाही.

पालिकेनं किंवा सार्वजनिक वीज कंपनीनं स्वतः सेवा द्यावी, हा मोठा पल्ला. अमेरिकेतल्या चॅटानूगा शहराच्या सार्वजनिक वीज कंपनीनं वीजवाहिन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी फायबर टाकलं आणि २०१० मध्ये त्यावरूनच आपल्या भागातल्या घरांना १ जीबीपीएसची (म्हणजे १,००० एमबीपीएसची) सेवा देऊ केली. श्रीमंत वस्ती आधी, गरीब मागून असा प्रकार तिथे नव्हता, कारण विजेची तार सगळीकडे गेलेलीच होती. पण नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्सन शहराची गोष्टही माहीत असू द्या. त्यांनी २००८ मध्ये स्वतःची सेवा सुरू केली, २०११ मध्ये राज्यानं शहरांच्या अशा सेवांवर जाचक बंधनं घालणारा कायदा केला, २०१५ मध्ये केंद्रीय नियामकानं ती बंधनं हटवली आणि २०१६ मध्ये न्यायालयानं नियामकाला तो अधिकारच नाही असं सांगितलं. तेव्हा मोहीम उभारण्याआधी पालिकेला कायद्यानं काय करता येतं ते वकिलाला विचारून घ्या. हे एका बैठकीचं काम आहे.

दरम्यान जाळ्याचं काम लहान प्रमाणात सुरू करा. इथे बहुतेकांचं लक्ष घरांपर्यंतच्या अँटेनांकडे असतं, खरी अडचण मात्र दुसऱ्या टोकाला, बॅकहॉलची, म्हणजे वस्तीला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या मुख्य जोडणीची. वस्तीतल्या मुख्य गच्चीपर्यंत इंटरनेट आणायचं कुठून? घरगुती जोडणी घेऊन ती शेजाऱ्यांत वाटणं बहुतेक कंपन्यांच्या करारात बसत नाही आणि एक दिवस जोडणी तुटते. पुनर्वाटपाची लेखी मुभा देणारी व्यावसायिक जोडणी घ्या. शहरात इंटरनेट एक्स्चेंज, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडली जातात ते केंद्र, असेल तर तिथे उपकरण ठेवून घाऊक दरानं क्षमता घेणं आणखी चांगलं. न्यूयॉर्कचं एनवायसी मेश हे सामुदायिक जाळं तेच करतं: मोठ्या डेटा केंद्रांच्या इमारतींवर मुख्य नोड (जाळ्याचे जोडबिंदू), तिथून घरांच्या गच्च्यांवर आणि खर्च मुख्यतः सदस्यांच्या देणग्यांतून. किती क्षमता लागेल याचा ढोबळ हिशेब असा: गर्दीच्या वेळी घरटी सरासरी २ ते ४ एमबीपीएस वापर धरा. सगळे एकदम पूर्ण वेगानं वापरत नाहीत. २०० घरं गुणिले ३, म्हणजे ६०० एमबीपीएस. १ जीबीपीएसची जोडणी २०० घरांना आरामात पुरते आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे १०० एमबीपीएसचा अनुभव बराच वेळ मिळतो. हे गणित लोकांना फळ्यावर करून दाखवा, कारण ‘एवढ्यांत वाटलं तर काय उरणार’ ही शंका सगळ्यांच्या मनात असते.

वायरलेस दुव्याला, म्हणजे दोन अँटेनांमधल्या बिनतारी जोडणीला, समोरासमोर मोकळी नजर लागते. नुसतं दिसणं पुरत नाही, दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवतीही थोडी मोकळी जागा हवी. पानगळीच्या दिवसांत लावलेला दुवा झाडाला पालवी फुटल्यावर बंद पडतो तो याचमुळे. एकाच रेडिओवर (अँटेनाच्या सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या उपकरणावर) डेटा घेणं आणि पुढे पाठवणं दोन्ही केलं, तर प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो. म्हणून मुख्य दुवे वेगळ्या रेडिओंवर ठेवा आणि घरापर्यंत दोनपेक्षा जास्त टप्पे होऊ देऊ नका. ६० गिगाहर्ट्‌झची उपकरणं भरपूर वेग देतात, पण जोरदार पावसात ती कमकुवत होतात आणि त्यांचा पल्लाही कमी असतो. विजेपासून संरक्षण आणि अर्थिंग यांवर काटकसर करू नका. इमारतीच्या आत मात्र शक्य तिथे केबलच ओढा. उंच जागा कुणाची, हाही संघटनेचाच प्रश्न आहे. बर्लिनच्या फ्रायफुंक या खुल्या सामुदायिक वाय-फायच्या चळवळीनं चर्चच्या मनोऱ्यांवर आपले मुख्य दुवे बसवले, कारण शहरात सगळीकडे दिसणारी आणि नफ्यासाठी न चालणारी उंच जागा तीच होती.

कायदा इथेही आडवा येतो. जर्मनीत कुणी तुमच्या खुल्या वाय-फायवरून बेकायदा डाउनलोड केलं तर जोडणीच्या मालकावर जबाबदारी येई. २०१७ मध्ये कायदा बदलेपर्यंत फ्रायफुंकवाले आपली डेटाची वाहतूक व्हीपीएनमार्गे, म्हणजे जोडणीच्या मालकाची ओळख झाकणाऱ्या दुसऱ्या मार्गानं, वळवत. क्युबाची राजधानी हवानाच्या तरुणांनी वर्षानुवर्षं केबल आणि अँटेना जोडत एसनेट नावाचं प्रचंड खाजगी जाळं विणलं होतं, पण २०१९ च्या नव्या नियमांनी त्याचं स्वतंत्र अस्तित्व संपलं आणि ते सरकारी संगणक केंद्रांच्या छत्राखाली गेलं. भारतात २०२० च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत छोट्या केंद्रचालकाला सार्वजनिक वाय-फाय द्यायला परवाना लागत नाही. तेव्हा तुमच्याकडे कुठलं दार उघडं आहे ते शोधा: परवान्यातून सूट, सहकारी संस्था, की परवानाधारक छोट्या कंपनीशी करार. वापरणाऱ्यांच्या नोंदी किती दिवस ठेवाव्या लागतात हेही तेव्हाच बघा आणि त्याहून एक दिवसही जास्त ठेवू नका.

जाळं बंद पडतं ते उभारणीनंतरच्या दुसऱ्या वर्षी. उत्साही तंत्रज्ञ नोकरी बदलतो, पासवर्ड त्याच्याच डोक्यात असतात आणि अर्ध्या गच्च्यांवरची उपकरणं कुणाची याची नोंद नसते. डेट्रॉइटमध्ये २०१६ पासून तीन वस्त्यांत काम सुरू झालं, तेव्हा बाहेरून तंत्रज्ञ आणण्याऐवजी तिथल्याच रहिवाशांना शिकवून ‘डिजिटल स्टुअर्ड’, म्हणजे जाळं उभारणारे आणि सांभाळणारे, तयार केले. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या रेड हुक वस्तीमध्येही स्थानिक तरुणांना असंच प्रशिक्षण दिलं गेलं. २०१२ च्या सँडी वादळानंतर तिथलं छोटंसं वायरलेस जाळं चालू राहिलं आणि मदतकार्यात वापरलं गेलं. माझा आग्रह असा की या कामाला पहिल्या दिवसापासून मानधन द्या, थोडं का होईना. फुकट काम करणाऱ्याला रात्री दहा वाजता फोन करण्याचा हक्क कुणालाच नसतो, आणि जोडणी तर रात्री दहालाच तुटते. पासवर्ड किमान दोघांकडे, नकाशा आणि उपकरणांची यादी तिसऱ्याकडे, तक्रारींची वही सर्वांना दिसेल अशी. हिशेब दर महिन्याला फळ्यावर लावा.

पैशाबद्दल थोडंच सांगतो. अनुदानावर उपकरणं घ्या, मासिक खर्च अनुदानावर टाकू नका. अमेरिकेत गरीब घरांना महिना ३० डॉलरपर्यंत सवलत देणारी योजना २०२४ मध्ये निधी संपल्यानं बंद झाली, तेव्हा तिच्यात २.३ कोटींच्या आसपास कुटुंबं होती. मासिक खर्च वर्गणीतूनच निघायला हवा. ज्यांना शक्य आहे त्यांनी थोडं जास्त द्यावं आणि कोण किती देतो हे खजिनदाराखेरीज कुणाला कळू नये. जाळं मोठं झालं आणि त्यावर छोट्या कंपन्याही सेवा विकू लागल्या, तर स्पेनमधल्या कॅटलोनियाच्या गिफीनेट या सामुदायिक जाळ्याची पद्धत अभ्यासा. २००४ मध्ये ग्रामीण भागात सुरू झालेल्या या जाळ्याचे आज ३५ हजारांहून अधिक नोड आहेत. पायाभूत जाळं सामायिक, त्यावरून धंदा करणाऱ्यांनी आपल्या वापराच्या प्रमाणात उभारणीचा आणि देखभालीचा खर्च उचलायचा, आणि हा हिशेब एका प्रतिष्ठानानं सांभाळायचा. धंद्याला बंदी नाही, फुकट्यांना मात्र जागा नाही.

शेवटची गोष्ट, कारण ती हमखास घडते. तुमचे शंभरेक घरांचे दुवे चालू झाले की ज्या कंपनीला या भागात काहीच रस नव्हता, तिचा माणूस सवलतीचा प्रस्ताव घेऊन येतो. त्याला हाकलू नका. कंपनीचं फायबर यावं हीच तर तुमची मागणी होती. पण गटाच्या पुढाऱ्यांशी खाजगीत बोलणी होऊ देऊ नका, प्रस्ताव लेखी घ्या आणि सर्वसाधारण सभेत वाचून दाखवा. चार गोष्टी कागदावर मागा: पहिल्या सहा महिन्यांनंतरचा दर काय, सगळ्या गल्ल्यांना किती तारखेपर्यंत जोडणी, जुनी थकबाकी असलेल्या घरांनाही मिळणार का, आणि काही ठरावीक ॲपच फुकट असं काही त्यात आहे का. या शेवटच्या प्रकाराला भारताच्या ट्राय या दूरसंचार नियामकानं ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभावाचे डेटा दर म्हणून मनाई केली होती, आणि तिथेही त्याआधी लाखो नागरिकांनी नियामकाला पत्रं लिहिली होती. कंपनीनं चारही अटी मान्य केल्या तर ज्यांना जायचं त्यांना जाऊ द्या, तुमचा मुख्य दुवा आणि बॅकहॉलचा करार मात्र किमान वर्षभर चालू ठेवा. सवलतीची मुदत संपल्यावर दर काय होतो, ते त्या वर्षात कळतं.